हमाल की मुकादम?

भिवंडीच्या परिसरातील एका मोठ्या गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणारे, आमच्या गावाकडचे एक गृहस्थ मध्यंतरी एका रविवारी सकाळी माझ्याकडे आले. वय चाळिशीच्या आसपास. नोकरीला अठरा वर्षे पूर्ण झालेली. खिशातून त्यांनी घडी केलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "दादा, मला सुपरवायझर करतायत. पेढे वाटू की नको, तेवढं सांगा."

कागद वाचला. संध्याकाळी मालमोटारींची गर्दी होते त्या चार तासांसाठी त्यांना अर्धवेळ पर्यवेक्षक नेमण्याची तयारी मालकाने दर्शविली होती. हमालीचे काम अर्थातच सुटणार होते. आज त्यांना मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १९,५०० रुपये मिळत; नव्या जागेवर १३,००० मिळावयाचे होते. पेढ्यांचा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो. असा प्रसंग देशातल्या कोणत्याही शहरातील गोदामात येऊ शकतो, म्हणून तो हिशेब आपल्यापुढे मांडीत आहे.

पहिला हिशेब शरीराचा. पन्नास किलोची दोनशे पोती पाठीवरून वाहिली म्हणजे दिवसाकाठी दहा टन ओझे झाले. प्रौढ पुरुषाने एका वेळी पंचावन्न किलोंहून अधिक वजन वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली केली. पण ती एका खेपेची मर्यादा आहे. वर्षानुवर्षांच्या खेपांची बेरीज गुडघे आणि कंबर ठेवीत असतात. थप्पीच्या वरच्या थरावर पोते चढविताना आता पाय थरथरतो, असे हे गृहस्थ सांगत होते. ज्याच्या शरीराने अशी सूचना दिली आहे, त्याने केवळ पैशाकडे पाहून जुने काम धरून बसणे शहाणपणाचे नाही. हा मुद्दा नव्या जागेच्या बाजूने जातो, आणि तो मोठा आहे.

दुसरा हिशेब पैशाचा. महिन्याचे साडेसहा हजार कमी होतील, हे त्यांना दिसत होते. उरलेल्या वेळात दुसरे काही करून ती तूट भरून काढू, असा त्यांचा विचार होता. त्यांना जे दिसले नव्हते ते निराळेच. उपदानाची, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो तिची, आकारणी अखेरच्या वेतनाच्या दराने होते. हा नियम १९७२ च्या कायद्याने घातला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायम ठेवला. महिन्याच्या वेतनाला सव्वीसने भागावयाचे, पंधराने गुणावयाचे आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्या पटीने घ्यावयाचे. १९,५०० वर अठरा वर्षांचे २,०२,५०० रुपये होतात. १३,००० वर त्याच अठरा वर्षांचे १,३५,००० च होतात. म्हणजे पूर्ण दिवस घाम गाळून काढलेली वर्षे अर्ध्या दिवसाच्या भावाने मोजली जातात, आणि ६७,५०० रुपये एका सहीने कमी होतात. अपंगत्वामुळे कमी वेतनावर जावे लागलेल्या माणसाच्या दोन्ही काळांचा वेगवेगळा हिशेब करण्याची सोय कायद्यात आहे; राजीखुशीने गेलेल्याला ती नाही. भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या निवृत्तिवेतनाचा विचारही शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनावरून होतो. तेव्हा वेतनातील घट ही केवळ या महिन्याची घट नसते. ती मागच्या वर्षांनाही लागू होते आणि पुढच्या वर्षांनाही.

तिसरा हिशेब दर्जाचा. 'पर्यवेक्षक' हे नाव मिळाले की आपण कामगार राहिलो नाही, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा मनुष्य 'कामगार' या व्याख्येतून बाहेर पडतो. तो बाहेर पडला म्हणजे कपातीच्या वेळी मिळणारी पूर्वसूचना, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई, अशा संरक्षणांवरचा त्याचा हक्क जातो. आमच्या गृहस्थांचे नवे वेतन या मर्यादेच्या आत असल्याने त्यांना आज धोका नव्हता. उद्या पूर्णवेळ जागा आणि मोठे वेतन मिळाले, तर हा प्रश्न उभा राहील. तेव्हाही केवळ नावावरून निर्णय होत नाही. प्रत्यक्षात प्रमुख काम कोणते, हे न्यायालये पाहत आली आहेत. म्हणून पत्रात हुद्द्यापेक्षा कामाचे वर्णन अधिक काळजीने वाचावे.

चौथा हिशेब आकड्यांत बसत नाही. तो टोळीचा आहे. काल ज्याच्या खांद्याला खांदा लावून पोते उचलले, त्याला आज 'उशीर का झाला' असे विचारावयाचे. आपल्याकडे मुकादम या शब्दाला जुनी कडवट चव आहे. गिरण्यांतील जॉबर नोकरी देण्यासाठी आणि टिकविण्यासाठी कामगारांकडून पैसे उकळीत, याची नोंद १९३१ साली मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालानेही घेतली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि नोंदलेल्या हमालांची मजुरी मालकाने मंडळात भरावी, मंडळाने ती कामगाराला द्यावी, अशी व्यवस्था आली, तिच्यामागे मधल्या माणसाचा हा अनुभव होता. म्हणून पर्यवेक्षकाने आपला अधिकार कोठवर आहे हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. हजेरी कोण मांडणार? माल कमी भरला तर जबाबदारी कोणाची? कोऱ्या पावतीवर सही करावयाची वेळ आली तर? चार तास हजर असणाऱ्याने उरलेल्या वीस तासांतील तुटीचे उत्तर देणे न्यायाचे नव्हे, आणि हे कागदावर नसेल तर नेमके तेच घडते.

या चारही हिशेबांनंतर मी त्यांना 'घ्या' असेही म्हटले नाही आणि 'सोडा' असेही नाही. तीन गोष्टी मागावयास सांगितल्या. एक, देखरेखीच्या चार तासांना माल मोजण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे चार तास जोडून जुने वेतन राखता येते काय, ते पाहावे. दोन, पहिले तीन महिने परीक्षेचे असावेत आणि त्यानंतर मूळ जागी, मूळ वेतनावर परत येण्याची मुभा लेखी मिळावी. तीन, जबाबदारी आपल्या पाळीपुरतीच राहील, असे पत्रात नमूद व्हावे.

पंधरवड्याने ते पुन्हा आले. शेवटच्या दोन गोष्टी मालकाने मान्य केल्या होत्या. पहिलीबाबत निम्मेच यश आले. दोन तासांचे नोंदीचे काम आणि त्याचे वेतन वाढवून मिळाले. उपदानात जे कमी होणार ते जाणूनच त्यांनी होकार दिला होता, कारण गुडघ्यांनी आणखी दहा वर्षे तग धरली नसती, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक होते. मी म्हटले, "म्हणजे पेढे आणलेत!"

ते हसले. म्हणाले, "आणलेत, पण थोडेच. दादा, आम्ही पाठीवर घ्यायच्या आधी पोतं एकदा हलवून बघतो. हेही तसंच बघितलं. जड आहे, पण किती जड ते आता माहीत आहे."