जाड केबलचा सांधा आणि तो दाबणारें हत्यार

भाईंदरच्या पूर्वेस केबिन रोडनें चालत गेलें असतां राहत्या इमारती, त्यांच्या तळमजल्यावरील दुकानें आणि आसपासच्या भागांत लहान कारखान्यांचे गाळे दृष्टीस पडतात. भाईंदर हें स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध. तेव्हां गाळ्यांतून प्रेस आणि पॉलिशचीं यंत्रें आलींच. इमारतींत लिफ्ट व पाण्याचा पंप असतो, आणि अलीकडे घरोघरीं वातानुकूलन यंत्रें बसलीं आहेत. या सर्वांची वीज ज्या जाड केबलींतून येते, तिचें टोंक बहुधा जिन्याखालच्या मीटरच्या खोलींत एका धातूच्या पट्टीस बोल्टनें जखडलेलें असतें. त्या टोंकावर नळीसारखी जी धातूची टोपी चढवितात तिला बाजारांत थिंबल किंवा लग म्हणतात. आणि ती टोपी तारेवर दाबून पक्की करण्याचें हत्यार म्हणजे क्रिम्पिंग टूल.

हें हत्यार निवडणें हा वायरमनचा प्रश्न आहे असें कोणासही वाटेल. परंतु जुनी केबल बदलण्याचें कंत्राट सोसायटीची कमिटी देते. केबल कोणत्या कंपनीची, किती मीटर, दर काय, याची बारीक चौकशी होते. टोंकें कशानें दाबणार, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि तो सांधा पेटला तर धूर ज्या जिन्यानें वर चढतो, तोच जिना पुष्कळ इमारतींत रहिवाशांची खालीं उतरण्याची एकमेव वाट असतो.

सांधा तापतो कां, हें साध्या गणितानें कळतें. प्रवाहाच्या वर्गास रोधानें गुणलें म्हणजे निघणारी उष्णता मिळते. नीट न दाबलेल्या सांध्याचा रोध ओहमचा अवघा हजारावा भाग आहे असें धरूं. त्यांतून 100 अँपिअर प्रवाह गेला तर 10 वॉट, आणि 200 अँपिअर गेला तर दुप्पट नव्हे, चौपट म्हणजे 40 वॉट उष्णता तेथें निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा जें लहान सोल्डरिंग आयर्न वापरतो तें 25 ते 35 वॉटचें असतें. म्हणजे असा एक सांधा हा बंद पेटींत तासन् तास चालू राहिलेलें सोल्डरिंग आयर्नच होय. शिवाय तापल्यानें सांधा ढिला होतो, धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, रोध वाढतो आणि तो आणखी तापतो. यांत सर्वांत घातक गोष्ट ही कीं, फ्यूज किंवा ब्रेकर यांपैकीं कोणालाही याचा पत्ता लागत नाहीं. ते प्रवाह मोजतात. प्रवाह तर नेहमींइतकाच असतो.

पूर्वी अशा टोप्या वितळलेल्या सोल्डरनें भरून तारेवर बसवीत. शिसें-कथलाचें नेहमींचें मिश्रण सुमारें 183 अंश सेंटिग्रेडला वितळूं लागतें. तेव्हां सांधा फार तापला कीं तार सुटून येण्याचें भय असे. 1941 साली अमेरिकेंत व्हिटेकर यांनी एरो-मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी काढून विमानांसाठीं व जहाजांसाठीं नुसत्या दाबानें बसणाऱ्या टोप्यांचा धंदा सुरू केला. पुढें ही पद्धत सर्वत्र पसरली.

दाबानें नेमकें काय होतें? जाड केबल ही अनेक बारीक तारांची मोळी असते आणि गोल तारांमध्यें फटी राहतात. पुरेसा दाब दिला म्हणजे तारा व टोपी थंडपणींच दबून एकमेकांस भिडतात, ऑक्साइडचा थर फुटतो, आणि सांधा आडवा कापला तर आंत मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. फट उरत नाहीं. दाब कमी पडला तर फटींत हवा व ओल शिरते. जास्त झाला तर तारा चिरडून तुटतात. बेताचा दाब, आणि तोही प्रत्येक वेळीं तितकाच, हें हत्याराचें खरें काम होय. छिन्नी-हातोडीनें ठोकून बसविलेली थिंबल बाहेरून घट्ट दिसते, परंतु आंत काय झालें तें ठोकणाऱ्यासही ठाऊक नसतें.

म्हणून निवडतांना पहिली कसोटी हत्याराच्या ताकदीची नव्हे, शिस्तीची असावी. चांगल्या हाताच्या टूलमध्यें दात्यांची अशी योजना असते कीं दाब पूर्ण झाल्याखेरीज जबडा उघडतच नाहीं. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टूलमध्यें ठरलेला दाब गांठल्यावर झडप आपोआप सुटते. कामगार दमलेला असो वा घाईंत, हत्यार अर्धवट काम स्वीकारीत नाहीं. ताकद त्यानंतर पाहावी. लहान तारांना पकडीसारखें टूल पुरतें, मध्यम केबलींना लांब दांड्यांचें. पण 120 चौरस मिलिमीटरच्या पुढें तेलाच्या दाबाचें टूलच हवें. हातपंपाचीं सुमारें 12 टन दाबाचीं टूलें 300 चौरस मिलिमीटरपर्यंत काम देतात. बॅटरीवरील टूल हात वांचवितें, परंतु वर्षांतून दोनचार सांधे करणाऱ्यानें तें विकत घेणें हा शुद्ध हौसेचा खर्च होय. पन्नास किलोवॉट भाराच्या गाळ्यास 415 व्होल्टवर, पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर, सुमारें 87 अँपिअर लागतात. तेथील वायरमनला लांब दांड्यांचें टूल पुरेसें होतें.

खरी गफलत सांच्यांत होते. सांचा, थिंबल आणि तार यांचें गोत्र जुळलें पाहिजे. जर्मन मानक डीआयएन 46235 प्रमाणें बनविलेल्या तांब्याच्या थिंबलींना सांच्याचे आंकडे ठरलेले आहेत: 70 चौरस मिलिमीटरला 16, 95 ला 18, 120 ला 20, 240 ला 28. दाबल्यावर हा आंकडा थिंबलवर उमटतो. त्यामुळें काम होतांना हजर नसलेल्या माणसासही मागाहून तो वाचतां येतो. कमिटीच्या सेक्रेटरीस तपासणीची याहून सोपी खूण सांपडणार नाहीं. मात्र बाजारांत पातळ नळीच्या हलक्या थिंबलीही मिळतात, आणि त्यांवरही 70 असाच आंकडा असतो. जाड नळीसाठीं केलेल्या सांच्यांत ती घातली तर सांचा पूर्ण मिटूनही आंत फट राहते. थिंबल बनविणारा जो सांचा सांगतो तोच घ्यावा.

ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी नाजूक आहे. हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा चिवट थर येतो, म्हणून तार ब्रशनें घासून लगेच सांध्याचें खास मलम लावावें आणि त्याच्याच जातीची थिंबल घ्यावी; भारतीय मानक 8309 हें या थिंबलींसाठींच आहे. पट्टी तांब्याची असेल तर दोन धातूंची जोड-थिंबल हवी. भाईंदरच्या एका अंगास वसईची खाडी व मिठागरें आहेत. खारट ओलीनें ॲल्युमिनियम आणि तांबें यांच्या उघड्या सांध्यांत ॲल्युमिनियम झपाट्यानें खाल्लें जातें.

आंतरराष्ट्रीय मानक 61238 मध्यें सांध्यास हजार वेळां तापवून थंड करतात आणि ओढूनही पाहतात. 70 चौरस मिलिमीटर तांब्याच्या सांध्यानें 4,200 न्यूटन, म्हणजे सुमारें 430 किलो वजनाची ओढ सोसावी लागते. अशी परीक्षा मीटरच्या खोलींत होणें नाहीं. परंतु कंत्राटदारास त्याच केबलच्या तुकड्यावर, त्याच हत्यारानें, एक जादा थिंबल दाबावयास सांगावें आणि ती करवतीनें आडवी कापून घ्यावी. एका थिंबलची किंमत जाते, आणि तारांमध्यें फट आहे कीं नाहीं तें डोळ्यांनीं दिसतें. फट दिसली तर सांचा बदलावा. सांचा बरोबर असूनही दिसली तर पंपाचें तेल गळतें आहे कीं काय तें पाहावें, आणि तें हत्यार दुरुस्त होईपर्यंत मुख्य केबलला हात लावूं देऊं नये.