जखम भरली, पण बोट वळेना

जबलपूरजवळील खमरिया येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या वसाहतींत घरोघरचा संसार कामगाराच्या दोन हातांवर चालतो. म्हणून पत्र्याच्या धारेने किंवा घरी विळीवर बोटाची कंडरा तुटली, तर ती शिवून घेतल्यावर पुढे काय करावयाचे, हे रुग्णाबरोबर घरच्या मंडळींनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

कंडरा म्हणजे स्नायूचा ओढा हाडापर्यंत पोहोचविणारी बळकट दोरी. अंगठा सोडल्यास प्रत्येक बोट मिटविणाऱ्या दोन कंडरा असतात व त्या अरुंद, ओलसर नळीतून मागेपुढे सरकतात. शिवलेली कंडरा सांधताना निसर्ग कंडरा कोणती आणि नळी कोणती, हा भेद करीत नाही. हात फार दिवस निश्चल राहिला, तर नवे तंतू दोहोंना एकत्र जखडतात. वरून जखम स्वच्छ भरलेली दिसते, परंतु बोट वळत नाही.

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत हा धोका सर्वांत अधिक असतो. तेथील कंडरा लगेच शिवू नये, असे अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांचे मत होते. पुढे १९६७ साली डॉ. हॅरल्ड क्लाइनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागीही कंडरा शिवून, रबराच्या ताणाच्या साहाय्याने लवकर हालचाल सुरू केल्याचे चांगले परिणाम मांडले. कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकत राहिली, तरी घट्ट चिकटण टाळता येते, असे १९७५ साली ड्युरान व हाऊझर यांनी प्रतिपादन केले.

मग हात मनास येईल तसा हलवावा काय? मुळीच नाही. ताजी शिवण कच्ची असते. मूठ आवळली किंवा बादली उचलली, तर ती तुटू शकते. हालचाल हवी, पण मोजून. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत तज्ज्ञ व्यायाम शिकवितात. बहुधा स्प्लिंट न काढता, दुसऱ्या हाताने बोट हलकेच मिटवावयाचे असते. हे दिवसातून अनेकदा, सांगितले असेल तितकेच करावे. स्प्लिंट साधारणतः ६ आठवडे राहते. जड काम सुमारे १२ आठवडे वर्ज्य असते. सूज उतरावी म्हणून हात उशीवर उंच ठेवावा. धूम्रपानाने जखम भरण्यास विलंब लागतो, म्हणून ते टाळावे. व्रणाचे मर्दन जखम पूर्ण भरल्यावर, तज्ज्ञांनी सांगितल्यासच करावे.

इतके करूनही बोट अडलेच, तर काही महिन्यांनी शस्त्रक्रियेने चिकटण सोडविता येते. मात्र त्यानंतरही व्यायाम चुकत नाही.

मायेपोटी हात गळ्यात बांधून नुसता जपणे, ही येथे सेवा ठरत नाही. घरातील शाळकरी मुलाने घड्याळ पाहून व्यायामाची आठवण दिली, तरी उपचारास मोठाच हातभार लागतो.