दार, पत्रा आणि पत्ता : स्थलांतरितांच्या कादंबरीतली जागा

(वर्धा येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

कादंबरी वाचताना आपल्यापैकी बरेच जण एक गोष्ट करतात. घराचं, गल्लीचं, वस्तीचं वर्णन आलं की दोन पानं सरळ उलटतात. पुढे काय झालं ते हवं असतं ना! एरवी हे चालून जाईल. पण गाव सोडून आलेल्या माणसांच्या कादंबरीत चालत नाही, कारण तिथे पुढे काय होणार हे बऱ्याचदा जागाच ठरवते. आज हे दोन कादंबऱ्यांच्या आधाराने पाहू : जयवंत दळवींची 'चक्र' आणि झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक'.

आधी आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. १९३६ साली गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले. त्यांची टपाल याच रेल्वेमार्गावरच्या दुसऱ्या शेगावला, म्हणजे गजानन महाराजांच्या शेगावला जायची. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. बाहेरून माणूस आला आणि गावाचा पत्ताच बदलला. आश्रमातलं पहिलं घर म्हणजे आदी निवास. तिथे सगळे एकत्र राहायचे. इतक्या पुरुषांच्या वावरात कस्तुरबांची कुचंबणा होऊ लागली, तेव्हा जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी बा कुटी बांधून दिली. आता बघा, ही कुटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण ती वेगळी का आहे, हा प्रश्न विचारला की गोष्ट सुरू होते. नव्या जागेत कोणाला कोपरा मिळतो आणि कोणाला मिळत नाही? स्थलांतरितांच्या कादंबरीचा हा मूळ प्रश्न आहे.

आता 'चक्र'. कादंबरी १९६३ ची, मुंबईतल्या झोपडपट्टीची. तिच्यावर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटील यांना त्यातल्या अम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, म्हणून प्रसंग त्यातलेच घेतो. गाव सोडून पळालेलं कुटुंब मुंबईत येतं. झोपडीसाठी पत्रा हवा. तो चोरायला नवरा जातो आणि गोळी लागून मरतो. विचार करा, अजून घर उभंही राहिलेलं नाही आणि घरातला एक माणूस गेला! गावी ज्या छपराकडे कोणी मान वर करून पाहत नाही, त्याची किंमत इथे एक जीव आहे. लेखकाला "शहर क्रूर आहे" असं वेगळं लिहावं लागत नाही. पत्र्यानेच ते सांगून टाकलं.

पुढे अम्मा आणि तिचा मुलगा बेनवा वस्तीत राहतात. झोपडीला दार असतं, पण ते कोणाला अडवत नाही. लुका लपायला येतो, त्याच्यामागे पोलीस थेट आत घुसतात आणि त्या झटापटीत गरोदर अम्माचं मूल जातं. बंगल्यात घडणाऱ्या गोष्टीत पोलीस आधी बेल वाजवतील, कोणी तरी "साहेब घरी नाहीत" म्हणेल आणि लेखकाला चार पानांचा ताण मिळेल. इथे ती चार पानंच नाहीत. भिंत पातळ, म्हणून गुपितही टिकत नाही. शेजाऱ्याचं भांडण, आजारपण, लग्न सगळं सगळ्यांचं होतं. त्यामुळे अशी गोष्ट एका नायकाची राहत नाही, वस्तीची होते. आणि काळ? चित्रपटाच्या शेवटी बुलडोझर येतो. वस्ती उठते, माणसं पुन्हा सामान उचलतात. सुरुवात पुन्हा पत्र्यापासून. 'चक्र' हे नाव इथे समजतं.

आता याच्या अगदी उलट टोक. 'द नेमसेक' २००३ ची. सुरुवात १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी. बाळंतपणाला आलेली अशिमा स्वयंपाकघरात तांदळाचं तयार सीरियल, शेंगदाणे आणि कांदा मिसळून कोलकात्याच्या झालमुडीची नक्कल करते आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर चिवड्याची तहान कॉर्नफ्लेक्सवर. पुढे बॉस्टनजवळ पेंबर्टन रोडवर स्वतःचं घर होतं. पक्कं छप्पर, दारं, मुलांना वेगळ्या खोल्या. 'चक्र'मध्ये जे नाही ते सगळं इथे आहे.

मग दुःख कुठून येतं? बंद दारातूनच. मुलगा गोगोल आपल्या खोलीत वाढतो आणि आईबापांना अनोळखी होत जातो. नवरा अशोक दूर क्लीव्हलंडला असताना हॉस्पिटलमध्ये एकटाच जातो. त्या वेळी अशिमा घरी एकटी बसून नाताळच्या कार्डांवर पत्ते लिहीत असते आणि बातमी येते ती फोनवर. झोपडपट्टीत अम्माला एकांत मिळत नाही, इथे अशिमाला एकांताशिवाय काही मिळत नाही. अम्माकडे माणसं आहेत आणि पत्ता नाही. अशिमाकडे पत्त्यांच्या वह्या भरल्या आहेत आणि दाराशी कोणी नाही. म्हणून एकीची गोष्ट गलक्यातून सांगितली जाते, दुसरीची फोन, पत्रं आणि रिकाम्या खोल्यांमधून. शेवटी पेंबर्टन रोडचं घर विकलं जातं. तिथे बुलडोझर नाही, रीतसर व्यवहार आहे. तरी घर सुटतंच.

दोन्हींत एक फरक मात्र विसरायचा नाही. अशिमा घर विकते, अम्माचं घर पाडलं जातं. कागदावर अम्माच्या जागेला एकच शब्द आहे, अतिक्रमण. त्या शब्दात पत्रा कुठून आला, त्यासाठी कोण मेलं, आत कोण बाळंत होणार होतं, हे काहीही नाही. कादंबरी ते लिहून ठेवते. नुसतं "बिचारी गरीब माणसं" म्हणणाऱ्या पुस्तकाने हे काम होत नाही. छप्पर कशाचं, पाणी कुठून, रात्री कोण कुठे निजतं, हे सांगणाऱ्या पुस्तकाने होतं.

आपल्या वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडची मुलं आज पुण्याला जातात, कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्यातलं कोणी उद्या कादंबरी लिहील. त्यांना माझं सांगणं एवढंच की घरची आठवण किती आली हे नंतर लिहा. आधी खोलीत किती कॉट होते आणि घरी फोन करायला तुम्ही कुठे जाऊन उभे राहत होता, ते लिहा. आणि वाचणाऱ्यांनी ती दोन पानं आता उलटू नयेत.