व्यापारी गाळे आणि भाडेनियंत्रणाची सीमारेषा

मुंबईतील व्यापारी जागांचे भाडे हा अर्थशास्त्राइतकाच कायद्याचाही प्रश्न आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे 1 सप्टेंबर 1940 च्या, अथवा जागा त्यानंतर प्रथम दिली असल्यास त्या वेळच्या, भाड्यावर बांधून टाकले. जागेची टंचाई कायद्याने नाहीशी होत नाही. तिची किंमत पागडीच्या रूपाने, आणि तीही बहुधा पावतीवाचून, वसूल होऊ लागली. भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये म्हटले. पुढे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने दरसाल 4 टक्के वाढीस मुभा दिली व पागडी वैध केली.

तथापि खरा वाद आहे तो संरक्षण कोणास नाकारले याविषयी. बँका, सार्वजनिक उपक्रम, विदेशी वकिलाती आणि 1 कोटी रुपये वा अधिक वसूल भाग-भांडवल असलेल्या कंपन्या यांना अधिनियमाने संरक्षणाबाहेर ठेवले. ज्याची ऐपत मोठी त्याने बाजारभाव द्यावा, हा हेतू रास्तच. पण वसूल भांडवल हे ऐपतीचे माप नव्हे. भांडवल अल्प पण गंगाजळी भरभक्कम अशी कंपनी संरक्षणात राहते. भागीदारीतील बड्या पेढीस तर भांडवलाची ही अट लागूच पडत नाही. त्यामुळे एकाच मजल्यावरील दोन सारख्या गाळ्यांचे भाडे गाळ्यावरून नव्हे, तर भाडेकरूच्या कायदेशीर रूपावरून ठरू शकते. शिवाय गोठविलेल्या भाड्यावरील आक्षेपानंतर आलेल्या या अधिनियमानेही आपली रेषा रुपयांच्या ठराविक आकड्यातच आखली. रुपयाचे मोल घटते तसतशा वास्तविक ऐपतीने लहान असलेल्या कंपन्याही त्या रेषेपलीकडे जातात.