मैदान सुटले म्हणून अभ्यास वाढतो का?

दहावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर येथील भाड्याच्या खोल्या भरू लागतात. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने खेड्यापाड्यांतून मुले येतात आणि पुष्कळदा त्यांच्यासोबत आजीही येते: पहाटे डबा करण्यासाठी, रात्री सोबतीसाठी. अशा आजी-आजोबांसाठी हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या नांदेडच्या दवाखान्यात एक आजी अकरावीतील नातीला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी शाळेच्या संघातून जिल्हास्तरापर्यंत खो-खो खेळलेली. 'नीट'ची तयारी सुरू होताच घरच्यांनी खेळ थांबवला. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून खेळ सोडवला. आता पोरगी पुस्तक उघडून नुसती बसून राहते."

डोके दुखणे, थकवा, जिना चढताना धाप आणि घसरत चाललेले गुण अशा तिच्या तक्रारी होत्या. रात्रीची झोप जेमतेम पाच तास, सकाळी चहा-बिस्किटे, पाळीत रक्तस्राव जास्त. तपासणीत हिमोग्लोबिन ९.१ आले. या वयाच्या मुलींमध्ये ते किमान १२ असावे. घरात जो आळस वाटत होता, तो रक्तक्षय होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. रक्तात लोह कमी असले की मैदानावर पाय जड होतात, तसेच अभ्यासात चित्तही लागत नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पाळीच्या तक्रारीवर उपचार केले. त्याबरोबर मी सांगितले, की हिमोग्लोबिन जसे वाढेल तसे तिला हळूहळू मैदानावर न्या. आजींना हे पटले नाही. आपणांपैकी अनेकांनाही पटणार नाही, म्हणून कारणे सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. तिने झोप गाढ लागते, मनावरील ताण उतरतो आणि लक्ष एकाग्र होण्यास मदत होते. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या बळाचा मोठा भाग विशीपर्यंतच साठतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडण्याचे दुःख आपल्या पिढीने पाहिले आहे. ते टाळण्याची तयारी या वयातच करावी लागते. किशोरवयात ८ ते १० तास झोपही आवश्यक आहे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच.

येथे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांची आठवण होते. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या त्या कर्णधार. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सांगितले, की घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालत होते आणि अनेक वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत होते. २०१६ मध्ये घरच्या आर्थिक अडचणींमुळे त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते. नात खोलीबाहेर यायला तयार नाही, हे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना सांगितले ते आजीने. समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. पुढे त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. नातीच्या मनाची अवस्था आजीने ओळखली आणि वेळीच बोलून दाखवली, हे मला फार मोलाचे वाटते.

आपणही एवढे करावे. नातवंड क्लासहून आले की 'किती मार्क पडले?' याआधी 'आज खेळलास का, जेवलीस का?' असे विचारावे. डब्यात भाकरीसोबत पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, उसळ आणि लिंबाची फोड द्यावी. चहा जेवणाच्या आगेमागे एक तास टाळावा, कारण तो लोह शोषू देत नाही. रात्री दिवा वेळेवर मालवावा.

उलट बाजूही आहे. स्पर्धेसाठी उपाशी राहून वजन उतरवणे, दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून खेळणे हेही घातकच. खेळताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. मूल एकलकोंडे झाले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर रागावू नये, एकटे सोडू नये. 'टेलीमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

त्या मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांत ११.४ झाले, डोकेदुखी थांबली. गुण एकदम वाढले नाहीत, सावकाश सावरले. खो-खोच्या संघात ती परतली नाही, पण संध्याकाळी तासभर मैदानावर जाऊ लागली. सोबतीला म्हणून आजीही जात आणि बसून कंटाळा येई, म्हणून मैदानाभोवती फेऱ्या मारत. पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःचा रक्तदाब तपासून घेतला. तोही पूर्वीपेक्षा बरा होता.