शेवट ठाऊक असलेली गोष्ट

वाचकहो, ज्या गोष्टीचा शेवट पहिले पान उघडण्यापूर्वीच ठाऊक असतो, ती गोष्ट माणूस रात्र जागून का वाचतो? माधवराव पेशवे अवघे सत्तावीस वर्षांचे असताना क्षयाने जाणार, हे आपणांस शाळेतच सांगितलेले असते. त्यांच्यामागे रमाबाई सती जाणार, हेही ऐकलेले असते. तरीसुद्धा रणजित देसाई यांची ‘स्वामी’ हाती पडली की मनुष्य पान उलटीत जातो. मनात एक वेडी आशा असते, की या खेपेस तरी वैद्याच्या औषधाला गुण येईल.

ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली. त्या मालिकेत रमाबाई झालेल्या मृणाल कुलकर्णी यांनी पुढे २०१४ साली ‘रमा माधव’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. एका जोडप्याच्या कहाणीने इतकी वर्षे मराठी घरांत ठाण मांडावे, यास काही कारण असले पाहिजे.

इतिहासाच्या पुस्तकात ही हकीकत एका पानात मावते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा नाश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब पेशवे खचून वारले. सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. पुढली अकरा वर्षे निजाम, हैदर अली आणि घरचे चुलते रघुनाथराव यांच्याशी झुंजण्यात गेली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे गणपतीच्या देवळाच्या आवारात सर्व संपले. इतिहासकार एवढे सांगून पुढच्या प्रकरणाकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. त्याचे काम तेवढेच.

कादंबरीकार मात्र तेथे थांबतो. स्वारीहून परतलेला पुरुष दालनात शिरतो तेव्हा पत्नी काय बोलते, किंवा बोलता बोलता काय गिळून टाकते, हे तो सांगतो. मोहिमेचे वर्णन वाचून आपला ऊर भरून येत नाही. तो भरून येतो त्या दोन मोहिमांमधल्या एखाद्या संध्याकाळच्या वर्णनाने. कारण किती संध्याकाळी उरल्या आहेत, हे आपणांस माहीत असते आणि त्या दोघांना नसते. आपण पुढचे जाणून बसलेलो असतो, आणि ती दोघे उद्याच्या गोष्टी बोलत असतात. मला वाटते, या जातीच्या कादंबऱ्यांची सारी ओढ या एका गोष्टीत आहे.

आणखीही एक कारण आहे, आणि ते आपल्या खेड्यांतील घरांना अधिक लागू पडते. शनिवारवाडा म्हणजे दुसरे काय, तर पुष्कळ माणसांचे एकत्र घर. नवरा-बायकोला चार शब्द बोलावयाचे तर वडीलधाऱ्यांची नजर चुकवावी लागे. चुलता-पुतण्यांत वाटणीवरून धुसफूस होती. १७६२ साली ती लढाईपर्यंत गेली आणि १७६८ साली धोडपला पुतण्याने चुलत्याला पकडून वाड्यात नजरकैदेत आणून ठेवले. आईशी मतभेद झाले, तेव्हा गोपिकाबाई रुसून नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. धुऱ्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांचे तोंड न पाहणे आपल्या बालाघाटात नवे आहे काय? मुलगा कर्तव्याला चुकत नाही म्हणून आईच दुखावते, हे काय फक्त पेशव्यांच्याच घरी घडते? रोवणीच्या दिवसांत चिखलात उभी असलेली सून रमाबाईंना ओळखते ती यामुळे. दागिने आणि शालू वेगळे असतील. सासरच्या माणसांत उभे राहून मनातले मनात ठेवणे तेच.

यात भाषेचाही मोठा वाटा आहे. आपल्या घरांत नवरा-बायकोने एकमेकांविषयी वाटणारी माया शब्दांत सांगावी, असा रिवाज नाही. ‘जेवलीस का’ एवढ्या दोन शब्दांत पुष्कळांचे सारे प्रेम भागते, आणि त्यात काही कमी असते असे मी म्हणणार नाही. परंतु जे बोलले जात नाही, ते ऐकण्याची भूक माणसाला असतेच. जुन्या दरबारी भाषेचा पोशाख चढवला की तीच माया निःसंकोच बोलता येते. दोनशे वर्षांपूर्वीचा पेशवा आपल्या पत्नीशी हळुवार बोलला, तर ऐकणाऱ्या सासूबाईंनाही संकोच वाटत नाही. हेच बोलणे आजच्या काळातील कथेत आले असते, तर त्यांनी पुस्तक मिटावयास लावले असते.

मराठीत ही वाट जुनी आहे. आपल्या भाषेतील पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ही मात्र ऐतिहासिक नव्हे. ती त्यांच्या काळातील विधवांच्या दुःखाविषयी आहे. तो धागा ध्यानात असू द्या, त्याचे पुढे काम पडेल. ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून धरतात; पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिला घरोघर नेले. कादंबरी मुलामुलींना बिघडविते, अशी तक्रार वडील मंडळी तेव्हाही करीत. त्यांना एवढेच सांगावे, की इंग्लंडच्या कार्डिनल वाइझमन यांनी १८५४ साली स्वतःच ‘फाबिओला’ नावाची ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती.

‘स्वामी’नंतर दहा वर्षांनी, १९७२ साली, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली. २०१५ साली निघालेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला होता. तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ही कहाणी आपल्या मध्य प्रदेशाच्या अधिक जवळची. मस्तानी बुंदेलखंडची, छत्रसालाच्या दरबारातून आलेली. आणि बाजीरावांचा अंत झाला तो नर्मदाकाठच्या रावेरखेडीस, २८ एप्रिल १७४० रोजी. तेथे त्यांची समाधी आजही आहे. ते दूर स्वारीवर असताना इकडे पुण्यास घरच्यांनी मस्तानीला पहाऱ्यात ठेवले होते. त्याच वर्षी तिचाही अंत झाला. तिची कबर पाबळला आहे. भिन्न धर्माच्या किंवा जातीच्या घरची मुलगी सून म्हणून आल्यावर घरात जे काही चालते, ते आमच्यासारख्या धर्मगुरूंच्या कानी अनेकदा येते. त्यामुळे मला ‘राऊ’ वाचताना दूरची कथा वाचल्यासारखे कधी वाटले नाही. मात्र चित्रपट पाहून आलेली मंडळी काशीबाईंना विसरतात, हे मला खटकते. एका स्त्रीच्या प्रेमाची गोष्ट आपण गहिवरून ऐकतो, तेव्हा त्याच घरात दुसरी एक स्त्री गप्प बसलेली असते.

आपली मुले हिंदी शाळांत शिकतात. त्यांच्या हाती वृंदावनलाल वर्मा यांची ‘मृगनयनी’ (१९५०) येते. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमर राजाने राई गावच्या एका गुजर मुलीशी विवाह केला, त्याची ती कथा. आपल्या गावचे पाणी महालापर्यंत आणावे अशी अट तिने घातली, असे लोक सांगतात. तिच्यासाठी बांधलेला गुजरी महाल ग्वाल्हेरला उभा आहे. त्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. सासरी जाताना माहेरचे पाणी बरोबर नेणारी राणी खेड्यातील मुलींना आवडली नाही तरच नवल.

आता थोडे कडू बोलावयाचे आहे. कादंबरी ज्याच्या दालनात आपणांस बसविते, त्याचाच पक्ष आपण घेतो. माधवरावांची सद्गुणी मूर्ती मनात ठेवून आपल्याच मुलखाचा इतिहास पाहा. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखालचा. जानोजी भोसले कधी निजामाकडे, कधी पेशव्यांकडे, पुढे रघुनाथरावांशी संधान बांधून, असे झुलत राहिले. अखेर १७६९ साली माधवरावांनी वऱ्हाड-नागपुरावर स्वारी केली. नागपूर लुटले गेले आणि मार्च महिन्यात कनकापूरचा तह होऊन भोसले नमले. म्हणजे ज्या पुरुषासाठी आपण डोळे पुसतो, त्याची फौज आपल्या बाजूच्या लोकांवर चालून आली होती. ज्यांच्या शेतांतून ते घोडे गेले, त्या कुणब्यांच्या, पोवारांच्या, गोंडांच्या घरांतही नवी लग्ने झालेली असतील. त्यांच्या वाटच्या संध्याकाळी कोणी लिहिल्या?

असे लिहिता येते, हे इटलीच्या आलेस्सांद्रो मान्झोनी यांनी १८२७ साली दाखवून दिले. त्यांच्या कादंबरीचे नायक-नायिका राजे-राण्या नव्हेत. रेंझो हा रेशीम विणणारा गरीब तरुण आणि लुचिया ही खेड्यातील मुलगी. वाङ्निश्चय झालेला आहे, परंतु गावच्या जमीनदाराची नजर लुचियावर पडते आणि लग्न अडते. पुढे दुष्काळ येतो, परदेशी सैन्य लुटीत लुटीत त्यांच्या गावावरून जाते आणि १६३० ची प्लेगची साथ येते. राजकारण सर्व तेच. परंतु ते दिसते खालून, झोपडीच्या दारातून. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लग्न ठरलेल्या जोडप्यांना हे पुस्तक वाचण्याची मुद्दाम शिफारस केली होती. जमीनदाराच्या धमकीला घाबरून लग्न लावण्याचे टाळणारा एक पाद्रीही त्यात आहे. त्याचे चित्र इतके हुबेहूब आहे की वाचताना आम्हां लोकांना बसल्या जागी चुळबुळ होते.

परंतु माझ्या मनात खरा प्रश्न थेऊरचा आहे. माधवराव जातात, आणि मुळा-मुठेच्या काठी चिता रचली जाते. तोवर कादंबरीने आपणांस इतके हळवे केलेले असते, की त्या तरुण स्त्रीने अग्नीत प्रवेश करणे हा आपणांस प्रेमाचा स्वाभाविक शेवट वाटू लागतो. याहून वेगळे काही घडावयास हवे होते, हा विचारसुद्धा मनाला शिवत नाही. लेखणीचे सामर्थ्य ते हेच, आणि भय वाटावे तेही याचेच. रमाबाईंचे जे मन आपण कादंबरीत वाचतो, ते कादंबरीकाराने आपल्या कल्पनेने भरलेले आहे. खऱ्या रमाबाई कादंबरीतील पात्र नव्हत्या; त्यांच्या देहाला अग्नी लागला तो खराच होता. त्यांना मागे राहून जगावयाचे असते, तर पुण्याच्या त्या वाड्यात बोडक्या विधवेच्या वाट्यास काय आले असते? बाबा पदमनजींची यमुना त्या दुःखाची साक्ष पंचाऐंशी वर्षांनी देते.

सतीची चाल बंगाल इलाख्यात १८२९ साली कायद्याने बंद झाली आणि मुंबई इलाख्यात पुढल्या वर्षी. हे सर्व जुने झाले, असे कोणी म्हणेल. परंतु राजस्थानातील देवराळा गावी अठरा वर्षांची एक विधवा चितेवर जळाली ते १९८७ सालच्या सप्टेंबरात, आणि त्यानंतर तिच्या नावाने जयजयकार करण्यास तेथे हजारो लोक जमले. म्हणूनच त्याच वर्षी संसदेला नवा कायदा करावा लागला आणि त्यात सतीचे गुणगान करणे हाही गुन्हा ठरविण्यात आला. त्या गर्दीतील लोक दुष्ट होते असे मला वाटत नाही. त्यांनीही लहानपणापासून अशाच गोड कहाण्या ऐकल्या असतील.

मग ‘स्वामी’ घरात ठेवू नये काय? अवश्य ठेवावी. मी स्वतः ती एकदा सोडून अनेकदा वाचली आहे, आणि इतकी सुरेख मराठी आपल्या मुलांच्या कानांवरून जावी असे मला मनापासून वाटते. हिंदीच्या मुलखात राहून आपली भाषा टिकवावयाची तर अशाच पुस्तकांनी ती टिकेल. परंतु मुलीने ती डोळे पुसून मिटली, की आईने किंवा आजीने तिच्याजवळ घटकाभर बसावे आणि एक साधा प्रश्न विचारावा: रमाबाई आधी गेल्या असत्या, तर माधवराव चितेवर चढले असते काय?

मुलगी अडखळेल. तेव्हा तिला माधवरावांच्या वडिलांची हकीकत सांगावी. १७६० च्या डिसेंबर महिन्यात भाऊसाहेबांची फौज पानिपतावर रसदेवाचून अडकून पडली होती; आणि त्याच महिन्यात नानासाहेब पेशवे पैठणला दुसऱ्या लग्नाच्या मांडवात उभे होते. घरी गोपिकाबाई हयात होत्या, आणि नवरी लहान मुलगी होती.