अपिलाची वाट (11) : चार हजार एक रुपयांचं कापड

क्रॉस ऑब्जेक्शनवर या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते पुढच्या खेपेला. सांगलीच्या एका वाचकाने नेमका माझ्या आवडीचा प्रश्न विचारलाय: दावा हरलो, अपील केलं, आणि आता कळतंय की दाव्यात मागणीच चुकीची लिहिली होती. अपिलात ती दुरुस्त होते का?

होऊ शकते. पण मागच्या खेपेला पाहिली ती अपील मेमोची दुरुस्ती, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 रूल 3 खालची. मेमो नियमाबरहुकूम नसेल तर कोर्ट तो परत देतं किंवा तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतं, आणि न्यायाधीश त्यावर सही करतात. सांगलीकरांना हात घालायचाय मूळ दाव्यालाच. त्यासाठी ऑर्डर 6 रूल 17. कलम 107 मुळे हा अधिकार अपील कोर्टालाही मिळतो.

इथे मला माझा लाडका निवाडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1909, मुंबई हायकोर्ट, किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा. वादींचं म्हणणं, भागीदारी ठरली म्हणून आम्ही 4,001 रुपयांचं कापड दिलं. आता भागीदारी मोडा, हिशेब करा. कोर्टाला कापड दिल्याचं पटलं, भागीदारी झाल्याचं नाही. म्हणजे कापडही गेलं आणि दावाही! अपिलात वादींनी भागीदारीचा नाद सोडला आणि निदान 4,001 रुपयांची मागणी दाव्यात घालू द्या म्हणाले. तोवर पैशाच्या दाव्याची मुदत उलटून गेली होती. तरी दुरुस्ती मान्य झाली, कारण मागणी खऱ्या अर्थाने नवी नव्हती. कापडाची हकीकत दाव्यात पहिल्यापासून होतीच. न्या. बॅचलर यांनी दोनच गोष्टी पाहिल्या: समोरच्यावर अन्याय होत नाही ना, आणि खऱ्या वादाच्या निकालाला ही दुरुस्ती लागते ना. 1957 मध्ये पिरगोंडा पाटील प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच तत्त्व उचलून धरलं. तिथेही दुरुस्तीची परवानगी मुंबई हायकोर्टाने अपिलातच दिली होती.

मात्र 1 जुलै 2002 पासून रूल 17 ला एक परंतुक आहे. साक्षीपुराव्याचं काम सुरू झाल्यानंतर दुरुस्ती हवी, तर पुरेशी दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे कोर्टाला पटावं लागतं. ‘वकिलाच्या ध्यानात आलं नाही’ एवढ्यावर भागत नाही. कापडवाल्यांना तर सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; ते आज आले असते तर बहुधा रिकाम्या हाताने परतले असते. मला हे परंतुक जरा कडकच वाटतं.

सांगलीकर, अर्ज मंजूर झालाच तर रूल 18 विसरू नका. आदेशात मुदत दिली नसेल, तर 14 दिवसांच्या आत दुरुस्ती दाव्यात प्रत्यक्ष करून घ्यावी लागते. उमेदवारीच्या काळात मी आदेश मिळाल्याच्या आनंदात पंधरावा दिवस उजाडू दिला होता. मग मुदतवाढीचा अर्ज आणि वर सीनियरची बोलणी. तेव्हा आदेश झाला की त्याच संध्याकाळी वकिलांना फोन करा.